चौदा मिनिटांचा भात

बस स्टँडच्या फाटकाजवळ, चपला शिवणाऱ्याच्या आणि कधीच बंद पडलेल्या वजनकाट्याच्या मधे, एक खाण्याची गाडी उभी असते. गाडीवर दुकानाचं नाव नाही. मागच्या दारावर मात्र जुनी, अर्धी पुसलेली अक्षरं आहेत: ‘सावकाश, मुलं उतरत आहेत’. नवीन माणूस ती वाचतो आणि बुचकळ्यात पडतो, कारण त्या दारातून मुलं उतरताना कोणी पाहिलेली नाहीत. उतरतो तो परतलेल्या कांद्याचा वास.

गाडी कंडक्टरांची. त्यांना आईवडिलांनी ठेवलेलं एखादं नाव असणारच, पण एकतीस वर्षं बसच्या मागच्या दारात उभं राहिल्यावर ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही, आणि बायकोच्या तोंडी तर ते कधी आलंच नव्हतं. निवृत्त झाल्यावर माणसं कुंड्यांना पाणी घालतात, गुडघे घेऊन दवाखान्याच्या वाऱ्या करतात, सुनेच्या मिठात लक्ष घालतात. कंडक्टरांनी हा खटाटोप मांडला.

खरं म्हणजे गाडी काकूंची. काकू म्हणजे त्यांची बायको. त्यांनी याच गाडीतून बावीस वर्षं शाळेत मुलं पोचवली. गाडी म्हातारी झाली तेव्हा शाळेनं ती भंगारात काढायचं ठरवलं. काकू म्हणाल्या, ‘मग मलाही काढा.’ दोघी एकाच दिवशी घरी आल्या. पुढे कंडक्टरांनी आतली बाकं उपटली, शेगड्या बसवल्या, एका बाजूची पत्र्याची भिंत कापून खिडकी केली. आजही रोज सकाळी गाडी स्टँडवर आणतात त्या काकूच. कंडक्टरांना गाडी चालवता येत नाही. एकतीस वर्षं बसमधे काढलेल्या माणसाला स्टिअरिंग धरता येऊ नये याचं लोकांना हसू येतं. कंडक्टर म्हणतात, ‘चालवणारे खूप आहेत हो. थांबवायचं कधी, हे कळणारे कमी.’

आता या गाडीचा कायदा ऐका. इथे फक्त एकट्यानं प्रवास करणाऱ्यांना जेवायला मिळतं. खिडकीखाली फळी, फळीपुढे पाच स्टुलं, तीही एकमेकांपासून हातभर लांब. दोघं आले, चौघं आले, बिऱ्हाड घेऊन कोणी आलं, की कंडक्टर त्यांना समोरच्या उपाहारगृहाचा रस्ता दाखवतात.

‘अहो, पण आम्हाला इथलंच खायचंय!’ एकदा एका भरल्या घरच्या बाईंनी हट्ट धरला होता.

‘तुमच्यातला एक जेवेल, एक सामान बघेल, आणि एक बसपाशी जाऊन ओरडेल,’ कंडक्टर म्हणाले. ‘तुम्हाला माझी काय गरज? तुम्ही कुठेही जेवा.’

दुसरं कलम याहून विचित्र. खिडकीशेजारच्या फळ्यावर पदार्थांच्या नावापुढे मिनिटं लिहिलेली आहेत. ऑम्लेट-पाव, सात मिनिटं. सूप, पाव आणि उकडलेला बटाटा, बारा मिनिटं. भात-भाजी, चौदा. सगळं मिळून आणि वर कॉफी, पंचवीस. तुम्ही स्टुलावर टेकलात की पहिला प्रश्न ‘काय देऊ’ हा नसतो. पहिला प्रश्न, ‘बस कुठली?’ तुम्ही गावाचं नाव सांगायचं, कंडक्टर वेळ सांगणार, आणि तुम्हाला काय खाता येईल तेही तेच सांगणार. नऊ मिनिटं हातात असलेल्या माणसानं भात मागितला तर मिळत नाही. ‘भात चौदा मिनिटांचा आहे. गिळणार असाल तर बाराचा. पण मी गिळायला देत नाही.’ घाईच्या माणसाचं सूप ते मुद्दाम कोमट करून देतात, म्हणजे फुंकण्यात वेळ जायला नको. मग एक चिठ्ठी काढायची, तिच्यावर बसची वेळ लिहायची, जुन्या चिमट्यानं तिला भोक पाडायचं आणि ताटाखाली सरकवायची. मोडीत निघालेल्या बसमधली घंटा त्यांनी खिडकीवर टांगली आहे. एक टोला म्हणजे आवरा. दोन टोले म्हणजे पळा.

स्टुलं अशी ठेवली आहेत की जेवणाऱ्याचं तोंड शेगडीकडे आणि पाठ स्टँडकडे. एकट्यानं जेवताना माणूस सगळ्यांच्या नजरा चुकवत घास घेतो, इकडे तिकडे बघतो, फोनमधे उगाच काहीतरी शोधतो. इथे त्याला कोणी बघत नाही. आणि स्टँडवर नजर ठेवायचं काम कंडक्टरांचं. आठ वर्षांत इथे जेवलेल्या एकाही माणसाची बस चुकली नव्हती. हे ते दिवसातून एकदा तरी सांगायचे. काकू ते दिवसातून एकदा तरी ऐकून घ्यायच्या.

या सगळ्याच्या मुळाशी एक जुनी गोष्ट होती, ती मात्र ते कोणाला सांगायचे नाहीत. नोकरीच्या नवव्या वर्षी एका थांब्यावर त्यांनी नेहमीसारखं दोनदा विचारलं होतं, ‘कोणी राहिलंय का?’ कोणी बोललं नाही. दोन टोले दिले, बस सुटली. शेवटच्या गावी एका सीटवर छत्री आणि गाठोडं सापडलं. संध्याकाळी परतीच्या फेरीत पाहतात तो एक आजीबाई त्याच थांब्याच्या बाकावर पाण्याची भरलेली बाटली मांडीवर घेऊन बसलेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, ‘मला वाटलं, कोणीतरी सांगेल.’

कंडक्टरांना ते वाक्य फार लागलं. त्यांना तेव्हा कळलं की घोळक्यानं जाणाऱ्यांची बस सहसा चुकत नाही. कोणीतरी खिडकीतून डोकं काढून ओरडतंच, ‘थांबा हो, आमचं माणूस यायचंय!’ आणि बस थांबते. एकट्या माणसासाठी ओरडायला कोणी नसतं. तो हात धुवायला गेला की जगाच्या हिशेबी तो नव्हताच.

तर असे हे कंडक्टर. आणि अशा माणसाच्या हातूनच एका दुपारी घोटाळा झाला.

महिन्याची पहिली तारीख होती. स्टँडच्या कचेरीबाहेर नवं वेळापत्रक चिकटवलं होतं. काकूंनी सकाळी सांगितलं, ‘जरा बघून या, बदललंय म्हणे.’ चहाच्या वेळी पुन्हा सांगितलं. कंडक्टर कांदा चिरत म्हणाले, ‘मला कसलं वेळापत्रक दाखवतेस? लोकांनी ते पाठ केलं, मी ते जगलोय. बदलून बदलून काय बदलतील? रंग बदलला असेल कागदाचा.’ काकू कप विसळायला वळल्या. चौतीस वर्षांच्या संसारात कुठे ओढायचं आणि कुठे सोडून द्यायचं याचा त्यांना चांगला अंदाज होता.

एक वाजून दहा मिनिटांनी एक मुलगी आली. तेवीस-चोवीस वर्षांची, इस्त्री केलेले कपडे, हातात नुसता फोन. गाडीपासून दहा पावलांवर थांबून फळा वाचत होती. वाचून झाला तरी वाचत होती.

‘या, या,’ काकूंनी हाक मारली. ‘तिसरं स्टूल हलत नाही, त्यावर बसा.’

मुलगी बसली. सकाळपासून चार बिस्किटांवर होती. समोरच्या उपाहारगृहात गेली होती, पण दारातच वेटरनं ‘किती जण?’ विचारलं आणि ती ‘नंतर येते’ म्हणून परत फिरली. पहिल्यांदाच एकटी निघाली होती. बंदरावरच्या सरकारी दवाखान्यात औषधं देण्याच्या जागेवर तिची नेमणूक झाली होती आणि आज पाचच्या आत हजर व्हायचं होतं. नाही झाली तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. हे सगळं तिनं काकूंना दोन मिनिटांत सांगून टाकलं. काकूंना लोक सांगतात. बावीस वर्षं मुलांच्या तक्रारी ऐकल्याचा तो परिणाम असावा.

‘बस कुठली?’ कंडक्टरांनी विचारलं.

‘बंदराची. समोर लागलीय तीच. मी बॅग चौदा नंबरच्या सीटवर ठेवून आलेय, जागा जाऊ नये म्हणून. पत्र वगैरे सगळं त्यातच आहे.’

‘एक चाळीस,’ कंडक्टर म्हणाले. ‘तीस मिनिटं आहेत. तुम्हाला पंचवीसवालं.’

‘पण ड्रायव्हर काहीतरी लवकर म्हणत होते...’

‘ड्रायव्हर बोलतात हो. त्यांना काय, बसल्या जागी बोलायचं असतं. तुम्ही निवांत जेवा. बस सुटली तर मला आधी कळतं, मग बसला.’

त्यांनी चिठ्ठीवर १.४० लिहिलं, चिमट्यानं भोक पाडलं, ताटाखाली सरकवली. पाचव्या स्टुलावर एक कुलूपविक्रेता भात खात होता. दोन मोठ्या पेट्या पायाशी, दोन्हींना स्वतःच्याच कंपनीची कुलपं. त्याची बस सव्वादोनची. बाकी गिऱ्हाईक नव्हतं.

मुलीनं सूप संपवलं, पाव संपवला आणि बटाट्यांवर आली. तिच्या खांद्यांचा ताण हळूहळू गेला. एक पंचवीसला तिच्या पाठीमागे एक बस घरघरत बाहेर पडली. लाउडस्पीकर काहीतरी खरखरला. त्याचं बोलणं तिथे वर्षानुवर्षं कोणालाच कळत नाही. कंडक्टरांनी तव्यावरून मान वर करून मोठ्या कौतुकानं सांगितलं, ‘बघा. गिरणीची गाडी. एक पंचवीस म्हणजे एक पंचवीस!’

तीन मिनिटांनी काकू नळावरून पाण्याची कळशी घेऊन आल्या. कळशी त्यांनी खाली ठेवली नाही.

‘अहो,’ त्या म्हणाल्या, ‘बंदराची गाडी गेली.’

‘ती गिरणीची होती.’

‘गिरणीची ती काय उभी आहे समोर. नव्या कागदावर बंदर एक पंचवीस आहे. मी आत्ता वाचून आले.’

मुलीच्या हातातला काटा तसाच राहिला. तिनं वळून पाहिलं. बस होती तिथे तेलाचा एक काळा डाग होता आणि त्यावर एक कबुतर चालत होतं. ‘माझी बॅग,’ ती म्हणाली. पुढची बस साडेचारची. ती सातला पोचणार.

कंडक्टर मटकन पिठाच्या डब्यावर बसले. तोंड उतरलं. आठ वर्षं मिरवलेली फुशारकी गेली याचं त्यांना काही वाटलं नाही. त्यांना ती मांडीवरची पाण्याची बाटली दिसत होती.

एखादीनं या क्षणी ‘सांगत होते ना’ म्हटलं असतं, आणि तिचा तो हक्कच होता. काकूंनी कळशी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि खिळ्यावरची किल्ली काढली.

‘शेगड्या बंद करा. स्टुलं आत घ्या. पोरी, तू पुढे माझ्याशेजारी बस.’

‘अगं, या गाडीनं बस गाठणार?’

‘गाठायची कशाला? पुढे जाऊन उभं राहायचं. ती कुठे कुठे थांबते ते तुम्ही सांगा. रस्ता माझ्याकडे लागला.’

कंडक्टर उठले. प्रश्न मिनिटांचा होता म्हटल्यावर त्यांचं डोकं आपोआप चालायला लागलं. ‘मंडईत गर्दी, चार मिनिटं. दवाखान्याच्या थांब्यावर तीन. मग आगारात डिझेल, तिथे सहा धर. पाण्याच्या टाकीपाशी एक सत्तेचाळीस. तो शेवटचा थांबा, मग हमरस्ता.’

‘सत्तेचाळीस,’ काकू म्हणाल्या. ‘शाळा सुटते पावणेदोनला. त्याआधी मागची गल्ली मोकळी असते.’

‘आणि माझा भात?’ कुलूपविक्रेत्यानं विचारलं. त्याचं ताट अर्धं राहिलं होतं.

‘भातासकट आत या,’ कंडक्टर म्हणाले. ‘सव्वादोनच्या आत आणून सोडतो.’ मग थोडं थांबून खालच्या आवाजात म्हणाले, ‘तुमच्या चिठ्ठीवरची वेळ एकदा तुमच्या तिकिटाशी ताडून बघा.’ त्यानं ताडून बघितली. ती बरोबर होती.

काकूंनी बावीस वर्षांत तिशीचा काटा कधी ओलांडला नव्हता. मागे मुलं असायची. आज मागे एक नवरा, एक कुलूपविक्रेता, दोन पेट्या आणि अर्धं पातेलं सूप होतं, आणि काटा पन्नासवर गेला. आत भांड्यांनी उच्छाद मांडला. पळ्या खिळ्यांवर नाचायला लागल्या. कुलूपविक्रेत्यानं एका हातानं सुपाच्या पातेल्याचं झाकण दाबून धरलं आणि दुसऱ्या हातानं भात खाल्ला. पुढे कित्येक दिवस तो सांगत होता की त्या दिवशीचा भात त्यानं नऊ मिनिटांत संपवला.

मागच्या गल्लीत एका वळणावर विटांचा ढीग होता. काकूंनी न थांबता गाडी दोन बोटांच्या अंतरानं काढली. मुलीनं डोळे मिटून घेतले. ‘इथे दात पडलेला एक मुलगा राहायचा,’ काकू सहज सांगावं तशा म्हणाल्या. ‘रोज उशीर करायचा. त्याच्यापायी मी हे वळण शिकले. तू पाणी पी.’

पाण्याच्या टाकीपाशी पोचले तेव्हा एक चव्वेचाळीस झाले होते. कंडक्टर खाली उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. पोटावर ॲप्रन, हातात उलथनं. मुलगी त्यांच्याशेजारी. एक पंचेचाळीस. एक सेहेचाळीस. आगारात आज डिझेल भरलंच नसेल तर बस केव्हाच पुढे गेलेली असणार, हा विचार त्यांच्या मनात आला. मुलीच्याही मनात आला असावा, कारण तिनं त्यांच्या ॲप्रनची कड धरली होती आणि ते तिला कळलं नव्हतं.

एक अठ्ठेचाळीसला वळणावर बस दिसली. कंडक्टरांनी उलथनं डोक्याच्या वर धरलं आणि सरळ रस्त्याच्या मधे गेले. बस थांबली. दारात तिशीची कंडक्टरीण उभी होती. तिनं पहिले सहा महिने याच कंडक्टरांच्या हाताखाली काढले होते.

‘काका! हे काय सोंग?’

‘हिची बॅग आहे आत. चौदा नंबरवर.’

कंडक्टरीण मुलीकडे बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं. ‘मी दोनदा विचारलं हो काका. कोणी राहिलंय का म्हणून. कोणीच बोललं नाही.’

आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला कसं वाटतं ते कंडक्टरांना त्या दिवशी कळलं. आजीबाईंच्या प्रकरणात साहेबांपुढे त्यांनी हेच सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं. ते रागावले नाहीत. त्यांना रागावायला तोंडच नव्हतं.

‘चूक तुझी नाही, माझी आहे,’ ते म्हणाले. ‘मी हिला जुन्या वेळेवर जेवायला बसवलं. पण मला सांग, एकटं माणूस मागे राहिलं, तर बोलणार कोण?’

कंडक्टरीण दारातून बाजूला झाली. मुलगी चढली. दोन पायऱ्या वर गेली आणि वळून म्हणाली, ‘काका, बटाटे छान होते.’ काकूंनी उरलेले बटाटे केव्हाच कागदात बांधले होते. ते तिच्या हातात कोंबले आणि वर आपला नंबर लिहिलेली चिठ्ठी. ‘पोचलीस की कळव. नाहीतर यांना रात्रीचं जेवण जायचं नाही, आणि मला करमणूक म्हणून ते बघत बसावं लागेल.’

कंडक्टर गाडीत चढले, घंटेची दोरी धरली आणि दोन टोले दिले. कंडक्टरणीच्या घंटेची वाट न बघता बस सुटली.

स्टँडवर परतल्यावर कुलूपविक्रेत्याला सात मिनिटं आधी बसमधे बसवण्यात आलं. जाताना त्यानं काकूंना एक छोटं कुलूप भेट दिलं. मग कंडक्टर चष्मा लावून कचेरीबाहेर गेले आणि नव्या वेळापत्रकासमोर पाऊण तास उभे राहून, शाळेतल्या पोरासारखं बोट फिरवत, ओळ न ओळ वहीत उतरवून घेतली. काकूंनी त्यांचा चहा तिथेच नेऊन दिला.

‘कागदाचा रंग बदललाय का?’ एवढंच त्यांनी विचारलं.

‘बदललाय,’ कंडक्टर म्हणाले आणि लिहीत राहिले.

पाच वाजायच्या आत काकूंचा फोन वाजला. मुलगी पोचली होती, सही करून हजर झाली होती, दवाखान्यातल्या मोठ्या बाई प्रेमळ वाटत होत्या, आणि बटाटे तिनं बसमधे शेजारच्या आजींना देऊन खाल्ले होते. कंडक्टरांनी फोन कानाला लावून सगळं ऐकलं. नंतर बराच वेळ ते खिडकीची फळी पुसत होते. फळी स्वच्छच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुसऱ्या स्टुलावर एक माणूस ऑम्लेट-पाव खात बसला होता. चष्मेवाला, अबोल, जमीन मोजणाऱ्या खात्यातला असावा, बगलेत नकाशांची लांब नळी. बस बंदराची, एक पंचवीस, चिठ्ठीवर तसंच लिहिलेलं. कंडक्टरांनी नुकताच एक टोला दिला होता. समोर कालचीच बस उभी होती. कंडक्टरीण दारात आली, तिनं आत वळून दोनदा विचारलं, ‘कोणी राहिलंय का?’ बसमधे कोणी बोललं नाही. तिनं घंटेच्या दोरीला हात घातला आणि तसाच ठेवला. मग दारातून अर्धी बाहेर झुकून, सगळ्या फलाटांवरून ऐकू जाईल अशा आवाजात तिनं गाडीकडे हाक मारली.

‘काका! तुमचं कोणी राहिलंय का?’

कंडक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. ती चेष्टा करत नव्हती. थांबली होती. मग त्यांनी उलथनं उंच धरलं आणि एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं वाक्य आयुष्यात पहिल्यांदा स्वतः ओरडले.

‘थांबा! आमचं माणूस यायचंय!’

चष्मेवाल्यानं तोंडातला घास तसाच ठेवून मागे वळून पाहिलं. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. कोणाचं माणूस यायचंय ते त्याला दिसेना.

‘अहो, इकडे तिकडे काय बघताय?’ काकू म्हणाल्या. ‘तुम्हीच ते. पळा!’